मागल्या दाराचं गाणं

त्या सिनेमात माणसं पाणीसुद्धा गाऊन मागायची.

कौशल्याबाईंना आधी हसूच आलं. चिंचवडच्या मॉलमधलं गार थिएटर, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा, शेजारी लेक. त्या मोनिकाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ह्यांना साधं बोलता येत न्हाई व्हय गं?"

"म्युझिकल आहे, आई. सगळं गाण्यातच असतं."

"आन् चंद्र दोरीला बांधलाय बघ."

"बांधलेलाच आहे. बघ ना गप."

चंद्र खरंच दोरीला बांधलेला होता. नदी निळ्या कापडाची, दोन्ही टोकांना माणसं उभी राहून ती हलवत होती. सगळं खोटं आहे हे कुणी लपवतच नव्हतं. पण गढीवरच्या सरदाराची लेक सज्जात आली, खाली रंगाऱ्याच्या पोरानं केशरी लुगडं पिळलं आणि पडदाभर केशरी सांडलं, तेव्हा कौशल्याबाईंचा हात पॉपकॉर्नच्या डब्यातच थांबला. त्या दोघांच्या मधे भिंत होती, जात होती, तलवारी होत्या. बोलायची चोरी. म्हणून ती गात होती, आणि खाली तो रंगाच्या कुंडात काठी ढवळत तिला उत्तर देत होता. ऐकणाऱ्यांना वाटायचं, पोरगा कामाचं गाणं म्हणतोय.

माहेरी, खेडच्या वरच्या अंगाला, कौशल्याबाई जात्यावर बसल्या की शेजारच्या आळीतल्या बायका उंबऱ्यात येऊन ऐकायच्या. सासूचा जाच, भावाची माया, पोटातलं मूल गेल्याचं दुःख, जे तोंडानं सांगता येत नाही ते ओवीत घालून पिठाबरोबर पाटीत पाडायचं. लग्न होऊन कुरुळीला आल्या तर इथं पिठाची गिरणी. मग जमीन कंपनीला गेली, शेत गेलं, शेताच्या पैशातून तीन मजली बंगला उभा राहिला आणि मागं कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्यांची रांग. गाणी मात्र पोटातच राहिली. त्या काळोख्या थिएटरात इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं.

मग मायलेकी पुन्हा गेल्या. आणि पुन्हा.

गावात सगळ्यांनीच तो पाहिला होता. कुंड सिनेमाभर निळंशार दिसायचं, म्हणून बायका त्याला 'निळ्या कुंडाचा सिनेमा' म्हणायच्या. मोठा मुलगा रणजीत, जमिनीचे व्यवहार करणारा, गळ्यात सोन्याची साखळी घालून फिरणारा गडी, तोही डोळे पुसत बाहेर आला होता. "काय कडक पिक्चर आहे राव," असं मित्रांना सांगत होता.

सिनेमाच्या शेवटी पोरीला खोलीत कोंडतात. दाराबाहेर तिची आई उभी असते, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. पोरगी आतून गाते:

मागल्या दाराला कुलूप गं माये, किल्ली तुझ्या कमरेला,
एकदा वाजव पैंजणावाणी, जीव लागला टांगणीला.

आई हलत नाही. मग खिडकी, आणि खिडकीखालचं ते कुंड. पडदा हळूहळू निळा होत जातो, आणि त्या निळ्यात चोळीचा एक लाल ठिपका.

तिसऱ्या खेपेला कौशल्याबाईंना राहवलं नाही. भरल्या थिएटरात त्या ओरडल्या, "अगं उघड की दार! किल्ली कमरेलाच हाय की तुझ्या!"

पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून हसली. मोनिका हसली नाही. तिनं आईचा हात धरला तो स्कूटीपर्यंत सोडला नाही.

परतताना मोशीला उसाच्या रसासाठी थांबल्या. मोनिकानं ग्लास हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"आई, तू उघडलं असतंस दार?"

"उघडलं असतं म्हंजे? लाथ घालून मोडलं असतं."

"मग माझं उघड."

आणि तिनं नाव सांगितलं. अय्याज. हायवेच्या कडेला गॅरेज असलेल्या मीरासाहेबांचा मुलगा. मीरासाहेबांनी ह्यांच्या घरचा ट्रॅक्टर दुरुस्त केला होता, ह्यांच्या घरच्या लग्नात पंगतीला बसले होते. ईदेला शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि धुऊन परत जाताना त्यात पुरणपोळ्या जायच्या. इतकं सगळं होतं. तरीही कौशल्याबाईंचा हात उठला. रसाचा ग्लास खाली पडला, माश्या जमल्या. मोनिका गाल धरून आईकडं बघत राहिली. आपण चुकीच्या तिकिटावर चुकीच्या थिएटरात येऊन बसलोय, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

घरी आल्यावर कौशल्याबाईंनी भीतीच्या भरात नवऱ्याला, सोपानरावांना, सांगून टाकलं. सोपानरावांनी रणजीतला सांगितलं. त्यानंतर बोलायचं असं काही उरलंच नाही. मोनिकाचा फोन गेला. चाकणच्या कंपनीतली तिची क्वालिटीतली नोकरी गेली. रणजीत चार मित्र घेऊन गॅरेजवर जाऊन आला आणि म्हाताऱ्या मीरासाहेबांनी भररस्त्यात हात जोडले. मागच्या दाराला, जे भाड्याच्या खोल्यांच्या बोळात उघडतं, नवीन कुलूप लागलं. पुनावळ्याचं स्थळ ठरलं, भीमराज नावाचा मुलगा, मोठ्या गाडीला टेकून काढलेला फोटो. सगळं इतक्या भराभर की जणू घराला आग लागली होती.

मोनिका रडली नाही, ओरडली नाही. आईशी बोलणं तेवढं तिनं बंद केलं.

हळदीच्या आदल्या दिवशी कौशल्याबाई वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या, तर मोनिका कठड्याला टेकून उभी. खाली बघत होती. ओठांत तेच गाणं, कुलपाचं. सूर नाही, हुंदका नाही, शाळेत पाढे म्हणतात तसं. ते खाली बघणं त्यांनी आधी पाहिलं होतं. तिकीट काढून पाहिलं होतं, तीनदा.

"मोने, खाली चल गं."

मोनिका वळली, त्यांच्या अंगावरून हवेसारखी गेली आणि जिना उतरली.

त्याच संध्याकाळी कौशल्याबाई यास्मिनच्या शिलाईच्या दुकानात गेल्या. यास्मिन अय्याजची थोरली बहीण. मोनिकानं हौसेनं सिनेमातल्यासारखा निळा घागरा तिच्याकडेच शिवायला टाकला होता, हे सगळं होण्याआधी; आता तोच हळदीच्या नाचाला घालायचा होता. घागरा तयार होता. यास्मिननं तो घडी करून पिशवीत घातला, मान वर केली नाही.

"यास्मिन."

"बोला काकी."

"तो हाय का गावात?"

यास्मिनची कात्री थांबली. "कशाला? अजून मारायचं राहिलंय का काही?"

"माझी पोर जीव देईल गं."

मग यास्मिन उठली, शटर अर्धं ओढलं.

"काकी, माझ्या अब्बांची छाती तेव्हापासून दुखतीये. मी तर म्हणते त्यानं विसरावं सगळं. पण ऐकतो कुणाचं? उद्या पहिली पाळी सुटली की तुमच्या मागच्या बोळात तिला न्यायला येणार म्हणतो. पाळी सुटली की तिथं गाड्याच गाड्या, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. एक गाडी जास्त आली तर कुणाला कळणार? पाळीवाले खोल्यांत गेले की जाणार. पुन्हा येणार नाही. सुरतला आमच्या मामूंकडे जाईल कायमचा." तिनं पिशवी पुढं केली. "तिला सांगायला माणूस नाही आमच्याकडे. तुम्ही सांगाल?"

"सांगते," कौशल्याबाई म्हणाल्या. तेव्हा ते सोपं वाटलं.

सकाळी सोपानरावांच्या बंडीच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली. मागचं कुलूप उघडलं, पण कडीत तसंच अडकवून ठेवलं, लांबून बंद दिसेल असं. किल्ली परत खिशात. आता फक्त एक वाक्य लेकीच्या कानात घालायचं होतं.

ते घालता येईना. रणजीतची बायको उत्कर्षा कालपासून मोनिकाला चिकटली होती. रणजीतचा हुकूम. तोंड धुवायला गेली तरी बाहेर टॉवेल धरून उभी. कौशल्याबाईंनी स्वयंपाकघरात लेकीला गाठलं, चहाचा कप पुढं करत हळूच म्हणाल्या, "मोने, जरा इकडं ये, ऐक माझं."

"माझ्याशी बोलू नकोस," मोनिका मोठ्यानं म्हणाली. ओट्यापाशी लाडू वळणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. उत्कर्षानं चहाचा कप स्वतःच्या हातात घेतला. "आत्या, राहू द्या. मी देते तिला."

मग जातं. मांडवात हळद दळायची, बायकांनी जात्यावर म्हणायचं, हा रिवाज. त्यांच्या माहेरी नवरीचा हात आणि आईचा हात एकाच खुंट्यावर असायचा. कौशल्याबाईंना वाटलं, देवानंच वाट काढली. ओवीत काहीही सांगता येतं. बाकीच्या बायका चाल ऐकतात, शब्द कोण ऐकतं?

पण जातं आलं ते कार्यक्रम करणाऱ्या प्रितमच्या टेम्पोतून. रंगवलेलं, गोंडे लावलेलं, आणि वरची तळी खालच्या तळीला चिकटवलेली. ते फिरतच नव्हतं.

"फिरवायचं नाही काकू," प्रितम म्हणाला. "नुसते हात ठेवा. व्हिडिओला छान दिसतं."

हात ठेवले. मोनिकाचा हात खुंट्यावर, त्यावर आईचा. बर्फासारखा गार होता तो. शेजारी विमलबाई, गावातल्या जुन्या गाणाऱ्या. कौशल्याबाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला:

मागल्या दारी बाई, कुलूप हाय नावाला,
आईनं मोकळी केली, वाट लेकीच्या पावलाला.

विमलबाईंची मान गर्रकन वळली. त्यांनी कौशल्याबाईंकडं पाहिलं, मांडवाच्या तोंडाशी उभ्या रणजीतकडं पाहिलं. मग खोकल्या आणि खणखणीत आवाजात पुढचं कडवं देवाच्या नावानं उचललं, मागचं झाकून टाकावं तसं.

एकीला कळलं होतं. पण जिला कळायचं तिची नजर समोरच्या मोठ्या पडद्यावर, जिथं तिचे आणि भीमराजचे फोटो फिरत होते. ओवी तिच्यासाठी आईची नेहमीची गुणगुण होती, भाकरी थापतानाची, पंख्याच्या आवाजासारखी. त्यात शब्द असतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कौशल्याबाईंनीच शिकवलं नव्हतं. त्यांनी तेच कडवं पुन्हा घेतलं, हात दाबला. मोनिकानं हात काढून घेतला.

"झालं का काकू?" प्रितम ओरडला. "डीजे लावायचाय!"

हळद लागली. गालाला, कपाळाला, पायांना. आई लावायला वाकली तेव्हा कॅमेरा मधे, उत्कर्षा खांद्याशी. दूर कंपनीचा भोंगा झाला. थोड्याच वेळात मागच्या बोळातून गाड्यांचे आवाज येऊ लागले. एकामागून एक, पहिल्या पाळीची माणसं खोल्यांकडं परतत होती. कौशल्याबाई प्रत्येक आवाजाला दचकत होत्या. आत्ता असेल. आत्ता उभा असेल. किती वेळ उभा राहील?

"आता नवरीचा डान्स!" प्रितमनं माइकवर पुकारलं. "दादांची खास फर्माईश!"

निळा घागरा, पिवळी हळद, आणि भोंग्यातून तेच गाणं. गाणं रणजीतनंच निवडलं होतं, सिनेमा आवडला म्हणून. त्याला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. बायका घोळका करून बसल्या, कुणी टाळ्या धरल्या, कुणी ओठांनी शब्द म्हणू लागल्या. 'किल्ली तुझ्या कमरेला' आलं की सगळ्यांचे डोळे भरायचे, इथंही भरले. मोनिका नाचत होती. शिकवलेलं एकही पाऊल चुकत नव्हतं, फक्त चेहरा कुठंतरी ठेवून आल्यासारखा होता. जिथं पोरगी खिडकीकडं बघते, तिथं तिनं वर बघितलं. गच्चीकडं.

कौशल्याबाई उठल्या. खुर्च्यांमधून, ताटांमधून, हळदीच्या वाटीवर पाय पडून सरळ मधोमध गेल्या आणि प्रितमच्या हातातला माइक घेतला.

"अहो काकू, थांबा—"

"गाणं चालू ठेव रे," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या हळदीत मीबी म्हणणार."

शिट्ट्या झाल्या. "म्हणा म्हणा, मामी!" कुणीतरी ओरडलं. कडवं पुन्हा आलं आणि कौशल्याबाईंनी तोंड उघडलं. चाल सिनेमाची. आवाज जात्यावरचा, घासलेला, उंच.

मागल्या दाराचं काढलं कुलूप गं लेकी, सकाळी माझ्या हातानं,
बोळात उभा हाय जीव तुझा गं, जा हळदीच्या अंगानं.

मांडवात हशा फुटला.

"काकू, शब्द चुकले!"

"चुकले कशानं? काकूंनी पिक्चरचा शेवटच बदलला!"

"बरं केलं बाई, मलाबी न्हवता आवडला तो. पोरीला मारायचं काय नडलं होतं?"

"पुन्हा म्हणा, काकू! वन्स मोअर!"

पण मोनिका थांबली होती. त्या गाण्याचा शब्दन् शब्द तिला पाठ होता. बदललेला एकेक शब्द तिच्या अंगावर खड्यासारखा बसला होता. ती आईकडं बघत होती. मोशीच्या रसवंतीपासून आज पहिल्यांदा बघत होती. कौशल्याबाईंनी तेच कडवं पुन्हा म्हटलं, हळू, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा. मग ती उत्कर्षाकडं वळली.

"वहिनी, माझं अंग चरचरतंय. धुवायचंय मला."

"आत्ता? अगं डान्स—"

"चरचरतंय."

उत्कर्षा तिच्या मागोमाग घरात गेली. न्हाणीघर मागच्या बाजूला, मागच्या दाराला लागून. कौशल्याबाईंचे डोळे त्या दोन पाठींवर, आणि गळा थांबत नव्हता. थांबला तर माणसं उठतील. माणसं उठली तर रणजीत वळेल. त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं. रंगाऱ्याच्या पोराचं कडवं म्हटलं, सज्जातलं म्हटलं, कापडाच्या नदीचं म्हटलं. शब्द आठवेना तिथं ओव्या घातल्या, ओव्या संपल्या तिथं नुसता सूर धरला. विमलबाई उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि टाळी धरली. मग आणखी बायका. आयुष्यात इतकी माणसं त्यांचं गाणं ऐकायला कधी बसली नव्हती.

उत्कर्षा परत आली. एकटीच. मांडवाच्या खांबाशी उभी राहिली, ओले हात पदराला पुसत. कौशल्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं. ती बघेना. तिनं न्हाणीघराला बाहेरून कडी घातली का? की तिच्या समोरून पोर गेली आणि ती बघत राहिली? तिच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

रणजीत गर्दीतून पुढं आला. "मोनी कुठाय?"

"धुतीये," उत्कर्षा म्हणाली.

"इतका वेळ?"

"हळद लवकर निघत नाही." तिनं पायाखालचं फूल उचललं, पाकळ्या सरळ केल्या. "तुम्ही बसा ना. आत्या किती छान म्हणतायत."

रणजीत बसला नाही. पण क्षणभर आईकडं बघून हसला. लहानपणी जत्रेत तमाशाचा वग बघताना हसायचा, तसाच. मग त्याची नजर घराच्या दाराकडं गेली आणि तिथंच थांबली.

कौशल्याबाईंनी आवाज चढवला. छाती फुटेल इतका. मागच्या बोळात एखादी गाडी सुरू होते का, ते त्यांना ऐकायचं होतं. जीव कानात गोळा झाला होता. पण चारी बाजूंच्या भोंग्यांतून त्यांचाच आवाज येत होता, टाळ्या येत होत्या, आणि त्या सगळ्याच्या पलीकडं काय वाजलं, काय नाही, त्यांना कळायला मार्ग नव्हता.

रणजीत घराकडं चालू लागला.

"मागल्या दाराचं," कौशल्याबाईंनी पुन्हा सुरुवात केली. गळ्यातून रक्ताची चव आली. थांबून ऐकावं तर त्याच्यामागं सगळा मांडव उठेल. गात राहावं तर कधीच ऐकू येणार नाही.

त्या गात राहिल्या.